बातमीची नहर

आषाढ सरून श्रावण लागला की आमच्या शहरात एक प्रश्न घरोघर ऐकू येऊ लागतो. क्रांती चौकातल्या रिक्षांच्या रांगेत, गुलमंडीवरच्या कापडाच्या दुकानात, शाळेच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत, फार काय, बारशाच्या पंक्तीतसुद्धा कोणीतरी मध्येच विचारते, "काय हो, जायकवाडी किती झाले?" शेजारचा माणूस खिशातून मोबाईल काढतो, पडद्यावर बोट फिरवतो आणि सांगतो, "बासष्ट." 'टक्के' हा शब्द उच्चारण्याची कोणाला गरज वाटत नाही. बासष्ट म्हटले की चेहऱ्यावर थोडी टवटवी येते. बावीस म्हटले की घरातली बाई नकळत पिंपाकडे पाहते. ज्या शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्या शहरात हा आकडा पंचांगातल्या तिथीपेक्षाही अधिक निष्ठेने पाहिला जातो.

आता विचार करा, पैठणचे धरण येथून पन्नासएक किलोमीटर दूर. तिथले पाणी आपण पाहिलेले नाही, ज्याने ते मोजले त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि तरीही त्या आकड्यावर आपण घरच्या माणसाच्या शब्दासारखा विश्वास टाकतो. हा आकडा तिथून इथवर आला कसा? कोणकोणत्या हातांतून आला? वाटेत तो शिळा झाला नाही कशावरून? दूरच्या ठिकाणी नोंदलेली गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताजी आणून ठेवायची, हा खटाटोप संगणकाच्या युगात जन्मला असे आपण समजतो. पण या शहरापुरते बोलायचे तर तो किमान साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. सिंहासनापासून धरणाच्या दरवाजापर्यंत अनेकांचे भवितव्य त्यावर लोंबकळत आलेले आहे. त्याचीच ही हकीकत.

* * *

प्रथम आजच्या यंत्रविद्येची थोडी ओळख करून घेऊ. घाबरण्याचे कारण नाही. ती गल्लीतल्या वाण्याच्या दुकानापेक्षा फारशी निराळी नाही. वाण्याकडे दोन वस्तू असतात. एक त्याची कीर्द-खतावणी, जिच्यात प्रत्येक देवघेव तारीखवार लिहिलेली असते. आणि दुसरा दारातला फळा, ज्यावर तो खडूने आजचा भाव लिहितो. खतावणी कोणी सहज चाळीत नाही. फळा मात्र जाणारा-येणारा प्रत्येक जण वाचतो. या दोहोंच्या मध्ये दुकानातला पोऱ्या असतो, जो वही पाहून फळ्यावर आकडा उतरवतो.

संगणकातल्या खतावणीला डेटाबेस म्हणतात. १९७० साली आय. बी. एम. कंपनीतल्या एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने असे सुचवले, की सगळी माहिती साध्या तक्त्यांत, आडव्या ओळी आणि उभे रकाने करून ठेवावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध खुणेच्या आकड्याने जोडावा. १९७४ साली चेंबर्लिन आणि बॉइस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली; तिचाच पुढचा अवतार आज जगभर चालतो. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने एक सामाईक जोडणी बाजारात आणली, म्हणजे कोणत्याही कंपनीचा फळा कोणत्याही कंपनीच्या खतावणीशी बोलू शकेल. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही खतावणी आपल्या कचेरीत न ठेवता भाड्याच्या कोठारात ठेवण्याची चाल पडली. या कोठाराला नाव मात्र मोठे काव्यमय मिळाले, क्लाउड, म्हणजे मेघ! प्रत्यक्षात हा मेघ आकाशात नसतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने आपली अशी कोठारे पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे उघडली; २०१६ साली ॲमेझॉनने मुंबईत उघडले. कालिदासाचा मेघ रामगिरीवरून निघून अलकेला गेला. हा मेघ पुण्यात बसूनच निरोप पोचवतो, एवढाच फरक.

आणि फळा? त्याला डॅशबोर्ड म्हणतात. या शब्दाची जन्मकथा गमतीची आहे. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पुढे एक आडवी फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये एवढेच तिचे काम. पुढे मोटारी आल्या, घोडा गेला. फळी मात्र राहिली आणि वेग, तेल, उष्णता दाखवणारी घड्याळे तिच्यावर जाऊन बसली. तिथून तो शब्द संगणकाच्या पडद्यावर आला. जी फळी मुळात चिखल अडवण्यासाठी होती ती आता माहिती दाखवते. पण चिखल अडवण्याचे तिचे मूळ कर्तव्य संपलेले नाही, हे पुढे दिसेलच.

राहिला मधला पोऱ्या. खतावणी आणि फळा जोडायचा म्हणजे यंत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोठाराचा पत्ता, आत जाणाऱ्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द, आणि त्याला कोणत्या खोलीत शिरण्याची मुभा आहे ते. शहाणा कारभारी या पोऱ्याला फक्त वाचण्याचा अधिकार देतो, लिहिण्याचा नव्हे. नाहीतर फळा पुसता पुसता खतावणीच पुसली जायची. मग आणण्याच्या दोन रीती आहेत. एक, ठराविक वेळी जाऊन सगळी नक्कल उतरवून आणायची आणि पुढच्या खेपेपर्यंत तीच दाखवायची. दुसरी, फळ्याकडे कोणी पाहिले की त्या क्षणी धावत जाऊन मूळ वही विचारून यायचे. पहिल्या रीतीत आकडा चटकन दिसतो, पण तो शिळा असू शकतो. दुसरीत तो ताजा असतो, पण हजार माणसांनी एकदम पाहिले तर हजार खेपा होतात आणि ज्याने वही लिहायची त्या कारकुनालाच श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही.

आमच्या शहरातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द नकोत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी वसवली आणि तिला पाणी देण्यासाठी डोंगराच्या कुशीतले झरे जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. जागोजाग उंच मनोरे बांधून पाणी वर चढवले, वारा जाण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी वाटेत झडपा ठेवल्या. नहरीत झरा एक, नळी दुसरी आणि हौद तिसरा. हौदात पाणी साठवून ठेवा, की झऱ्याशी थेट जोडून घ्या, हाच प्रश्न तिथेही होता. आणि प्रत्येकाने नहरीला आपापले भोक पाडले तर शेवटच्या घराला थेंबही मिळत नाही, हा अनुभवही तिथलाच. बातमीचीही अशीच एक नहर असते. ती या शहरात फार पूर्वी बांधली गेली होती.

* * *

औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दोनदा येथे राहिला आणि बादशहा म्हणून १६८१ नंतरची सारी हयात त्याने दक्षिणेत काढली. त्याचे राज्य काबूलपासून कर्नाटकापर्यंत पसरलेले. एवढ्या विस्तारावर एका माणसाची नजर कशी पोचावी? त्यासाठी मोगलांनी बातमी लिहिणाऱ्यांची एक नेटकी फळी उभी केली होती. प्रत्येक सुभ्यात एक वाकेनवीस असे. तो उघड नेमलेला अधिकारी. सुभ्यात काय घडले ते लिहून तो आठवड्याला एकदा दरबारी धाडी, आणि त्यातला मजकूर सुभेदारालाही ठाऊक असे. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी दुसरा लेखक असे सवानेहनिगार. तो आठवड्यातून दोनदा लिही आणि सुभेदाराला त्याचा पत्ता लागू देत नसे. याशिवाय हरकारे होते. हे सारे लखोटे डाकचौकीच्या दारोग्याकडे येत आणि तो ते न फोडता बादशहापुढे नेई. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी लिहितो, की रात्री नवाच्या सुमारास जनानखान्यातल्या स्त्रिया ही पत्रे बादशहाला वाचून दाखवीत. त्या काळचा फळा तो हा: दिव्याच्या उजेडात एक बाई वाचते आहे आणि हिंदुस्थानचा बादशहा ऐकतो आहे.

यात एक शहाणपण दडलेले आहे, त्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एकाच गोष्टीविषयी दोन निरनिराळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता लिहिलेले आले पाहिजे, हा नियम. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच ताटाखालचे मांजर झालेला लेखक खरे लिहील कशावरून? मोगलांना हे कळत होते. आजच्या भपकेदार फळ्यांत पुष्कळदा पाच रंगांची पाच चित्रे असतात आणि पाचांनाही पाणी एकाच झऱ्याचे असते; पाहणाऱ्याला वाटते, पाच साक्षीदार एकमताने बोलत आहेत!

हा 'नवीस' शब्द मराठीने आपल्या घरातच वाढवला आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस ही आपली आडनावे म्हणजे लिहिणाऱ्यांचीच वंशावळ. आणि 'वाकनीस' हा तर त्या वाकेनविसाचाच मराठी अवतार. शिवछत्रपतींच्या प्रधानमंडळात वाकनिसाला मानाचे स्थान होते.

आणि ही खतावणी कोठे होती म्हणाल, तर येथेच. ज्या किल्ले अर्काच्या आवारात आज शासकीय महाविद्यालयाची मुले अभ्यास करतात, तिथे शाहजहान आणि औरंगजेब यांच्या कारकिर्दीतल्या दख्खनच्या दफ्तरांचे दीडएक लाख कागद पडून होते. १९१६ साली ते हैदराबादला हलवण्यात आले. यूसुफ हुसेन यांनी त्यांतले निवडक कागद संपादून काढले; १६६० ते १६७१ या काळातले दख्खनचे निवडक वाकये १९५३ साली छापले गेले. कोण सरदार हजर झाला, कोणाची बदली झाली, कोणती कुमक कोठे पोचली, असल्या रुक्ष ओळी आहेत त्या. मोगल दरबाराच्या बातमीपत्रांचे मराठी भाषांतर सेतुमाधवराव पगडींनी करून ठेवले, तेव्हा मराठी वाचकाला कळले, की आपल्या पूर्वजांच्या हालचाली शत्रूच्या वहीत केवढ्या बारकाईने टिपल्या जात होत्या. ज्या नोंदी एका रात्रीपुरत्या वाचून दाखवण्यासाठी लिहिल्या गेल्या, त्याच तीनशे वर्षांनी इतिहास झाल्या. फळा पुसला जातो, खतावणी उरते.

* * *

पण एवढी जय्यत नहर असूनही ती एकदा कशी फसली, ते महाराष्ट्रातले लहान मूलही सांगेल. क्रांती चौकात २०२२ सालापासून ज्यांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा आहे, ते शिवाजी महाराज १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याला पोचले. जाताना त्यांचा मुक्काम या शहरातही पडला होता. आग्र्याला ते नजरकैदेत पडले. फौलादखान कोतवालाचा पहारा, दर थोड्या वेळाने आत डोकावून पाहायचे आणि 'आहे' म्हणून कळवायचे, अशी व्यवस्था. १७ ऑगस्टला महाराज निसटले. मागे हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजला. सोन्याचे कडे घातलेला त्याचा हात तेवढा बाहेर. पहारेकरी आले, त्यांनी पाहिले, कडे ओळखले, आणि वर्दी गेली: ठीक आहे. रात्र गेली, दुसऱ्या दिवसाचे काही प्रहर गेले. प्रत्येक वर्दी वेळेवर, प्रत्येक वर्दी ताजी, प्रत्येक वर्दी खोटी.

पहारेकरी लबाड नव्हते. त्यांना माणूस मोजायला सांगितले होते आणि ते कडे मोजत होते, एवढेच. आजच्या भाषेत सांगायचे तर जोडणी उत्तम होती, क्षणाक्षणाला आकडा येत होता. पण जे मोजायचे ते आणि जे मोजले जात होते ते, यांच्यामध्ये एक दुलई होती. ज्या ज्या ठिकाणी आपण खऱ्या वस्तूऐवजी तिची खूण मोजतो, म्हणजे विद्येऐवजी हजेरी, आरोग्याऐवजी औषधाच्या बाटल्या, रस्त्याऐवजी रस्त्यावर झालेला खर्च, त्या त्या ठिकाणी हिरोजी पांघरूण घेऊन निजलेला असतो. आपला हिरोजी स्वामीसाठी जिवावर उदार होऊन निजला होता; एरवीच्या दुलयांखाली बहुधा कोणाची तरी सोय निजलेली असते.

* * *

दुसरी गोष्ट याहून दुःखाची आहे, आणि तिचा एक धागा पैठणशी जुळलेला आहे. १७६० च्या डिसेंबरात भाऊसाहेब पानिपतावर अडकले होते. अब्दालीने त्यांची रसद तोडली आणि रसदेबरोबर बातमीचीही वाट तोडली. गोविंदपंत बुंदेले मारले गेले. याच महिन्यात नानासाहेब पेशवे पैठण येथे होते. २७ डिसेंबरला त्यांचे तिथे लग्न लागले. या लग्नावरून त्यांना पुष्कळांनी बोल लावला आहे. तो रास्त की अरास्त हा वाद पंडितांनी करावा. माझ्या मनात येते ते वेगळेच. पैठणला गोदावरीच्या काठी बसलेल्या पेशव्याच्या मनात पानिपतचे जे चित्र होते, ते कोणत्या तारखेचे होते? भाऊकडून आलेल्या शेवटच्या पत्राच्या तारखेचे! १४ जानेवारी १७६१ ला सर्वनाश झाला. पेशवे उत्तरेकडे निघाले होते. २४ जानेवारीला भेलशाजवळ एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती लागले आणि तेव्हा त्यांना कळले, की विश्वासराव आणि भाऊ दोघेही गेले. दहा दिवस एक बाप मेलेल्या मुलाच्या मदतीला चालला होता.

सरकारी डाक तुटली तेव्हा बातमी आणली सावकाराच्या डाकेने, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण मुख्य धडा हा, की तुटलेली नहर आवाज करत नाही. बातमी वाईट आली तर माणूस धावतो. बातमी आलीच नाही तर तो समजतो, सारे पूर्वीसारखेच चालले आहे. संगणकाच्या फळ्याचाही हाच दोष आहे. जोडणी तुटली, परवलीचा शब्द बदलला, कोठारातली वही दुसऱ्या खोलीत हलवली, तरी फळा काही काळा पडत नाही. पुष्कळदा तो शेवटचा आलेला आकडाच तसाच, त्याच रंगात, त्याच डौलात दाखवीत राहतो. म्हणून जाणता माणूस फळ्यावर आकडा पाहण्यापूर्वी कोपऱ्यातली वेळ पाहतो: हा आकडा कधीचा? ज्या फळ्यावर वेळ लिहिलेली नाही तो फळा नव्हे. ते तसबिरीसारखे भिंतीवर टांगलेले एक चित्र समजावे.

या वेळेतही एक गोम आहे. मेघातल्या कोठारांची घड्याळे बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर लावलेली असतात, आणि ती आपल्यामागे साडेपाच तास. पहाटे चारला घेतलेली नोंद तिथे आदल्या दिवसाच्या खात्यात जाऊन पडते. जोडणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही तर सोमवारचा पाऊस रविवारी पडतो! हिजरी तारीख, शक आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ घालताना इतिहासकारांनी किती रात्री जागून काढल्या असतील, याची कल्पना यावरून करावी.

* * *

आता क्रांती चौकातच येऊ. त्याचे नाव ज्या घटनेवरून पडले ती घटना १८५७ च्या जूनमधली. तोवर विजेची तार आली होती. १८५५ च्या आरंभी ती सर्व लोकांसाठी खुली झाली होती. मेरठच्या उठावानंतर ११ मे रोजी दिल्लीच्या तारऑफिसातून अंबाल्याला गेलेल्या संदेशांनी पंजाबातले इंग्रज सावध झाले, हे प्रसिद्धच आहे. राज्यकर्त्यांच्या हाती आता क्षणात बातमी आणणारी नहर होती. पण येथल्या छावणीतल्या घोडदळाच्या शिपायाच्या हाती काय होते? काही नाही. त्याला कोणी काही सांगत नव्हते. तेव्हा त्याने ऐकले ते बाजारात: आपल्याला दिल्लीच्या बादशहाशी लढायला नेणार आहेत. हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ बिथरले. पुण्याहून महूकडे निघालेला जनरल वुडबर्न याचा कॉलम इकडे वळला आणि जूनच्या चौथ्या आठवड्यात येथे पोचला. शिपायांची शस्त्रे काढून घेतली, चौकशा झाल्या, काहींना फासावर चढवले, काहींना तोफेच्या तोंडी दिले. काळा चबुतरा म्हणतात तो याच स्मृतीचा.

इथे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की बातमी वेगाने आली म्हणजे निर्णयही शहाणा होतो असे नाही. इंदूर आणि महू येथे काय शिजते आहे, याची कल्पना मुंबईच्या गव्हर्नराला होती आणि वुडबर्नने पुढे सरकावे अशी निकड चालली होती. तो मात्र येथेच थांबून राहिला, आणि १ जुलैला इंदूर-महूचा भडका उडाला. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांच्याविषयी निर्णय होतात त्यांनाच अंधारात ठेवले, की त्यांच्यासाठी दुसरी नहर आपोआप वाहू लागते. तिचे नाव अफवा. वरच्यांना तार आणि खालच्यांना अफवा, अशी वाटणी जिथे होते तिथे शेवटी चबुतराच उभा राहतो. तार पुढे कालवश झाली. २०१३ च्या जुलैत सरकारने ती बंद केली. अफवा मात्र अजून ठणठणीत आहे.

* * *

म्हणूनच जायकवाडीचा आकडा रिक्षावाल्याच्याही मोबाईलवर दिसतो, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. बादशहापुढे रात्री एकट्यासाठी वाचला जाणारा कागद आता चौकात वाचला जातो. पण चौकात वाचायचा तर तो नीट समजला पाहिजे.

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली ज्याची कोनशिला बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ज्याचे उद्घाटन केले, ते हे धरण. त्याच्या पोटात काठोकाठ पाणी मावते सुमारे १०२ टीएमसी. पण त्यातले तळचे सुमारे २६ टीएमसी हा मृतसाठा, दरवाजांच्या पातळीखालचा. आपण जे टक्के वाचतो ते वरच्या सुमारे ७६ टीएमसीचे, म्हणजे जिवंत साठ्याचे. म्हणूनच २०१९ च्या उन्हाळ्यात आकडा शून्याच्याही खाली गेला आणि तरी शहराला पाणी येत राहिले. शून्य म्हणजे कोरडे नव्हे. शून्य म्हणजे तिजोरीतली गंगाजळी मोडायला काढली! हा अर्थ फळ्यावर लिहिलेला नसतो; तो पाहणाऱ्याला माहीत असावा लागतो.

शिवाय पाणी कोणी टीएमसीत मोजत नाही. मोजतात ती पातळी. पूर्ण भरले म्हणजे १५२२ फूट. अमुक पातळीला अमुक पाणी, असा एक तक्ता असतो आणि त्यावरून टक्के निघतात. गोदामाई दरसाल गाळ आणते, तळ वर येतो. तो तक्ता पुन्हा मोजून केला नाही तर पातळी खरी असूनही पाणी खोटे निघेल. पुन्हा तेच: कडे आणि माणूस.

आणि या टक्क्यावर केवढे अवलंबून आहे पाहा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावे. २०२३ साली आकडा पन्नाशीच्या आत राहिला. ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. वरच्या शेतकऱ्याच्या उसाचे पाणी आणि खालच्या शेतकऱ्याच्या घशाचे पाणी, यांच्यामध्ये एक आकडा उभा असतो. वरचाही शेतकरी आपलाच, खालचाही आपलाच; दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा असे काही असेल तर ते एवढेच, की तो आकडा खरा आहे आणि दोघांना एकाच वेळी सारखाच दिसतो. मलिक अंबराच्या काळी पाणी जसे वाही तसा हिशेब लिहीत. आता हिशेब जसा लिहिला जाईल तसे पाणी वाहते.

हे फक्त धरणाचेच नव्हे. २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत स्वतः मोबाईलवरून करू लागला. शाळेत दुपारच्या खिचडीला किती मुले जेवली, तो आकडा आम्ही शिक्षक रोज कळवतो. प्रत्येक आकडा नहरीतून वर जातो, मेघात साठतो आणि कोणत्या तरी कचेरीत रंगीत खांब होऊन उभा राहतो. त्या खांबाकडे पाहून धान्य येते, भरपाई येते किंवा येत नाही. खांब पाहणाऱ्याला मूल दिसत नाही. त्याला मूल दिसावे अशी सोय करायची असेल तर ती लिहिणाऱ्याच्याच हाती आहे. यंत्र फक्त वाहून नेते. स्वच्छ पाणी दिले तर स्वच्छ, गढूळ दिले तर गढूळ. चिखल अडवणारी फळी वरच्या कचेरीत नव्हे, अगदी खाली, पहिल्या लेखणीपाशी लागते.

तेव्हा कोणताही फळा दिसला की चार प्रश्न विचारण्याची सवय घरातल्या मुलांना लावावी. हे कोणी लिहिले, आणि दुसऱ्या कोणी ते पडताळले काय? हे कधीचे? यात नेमके काय मोजले आहे, माणूस की कडे? आणि ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे, त्यांना ते दिसते काय? पहिला प्रश्न वाकेनविसाने शिकवला, दुसरा पानिपताने, तिसरा हिरोजीने आणि चौथा काळ्या चबुतऱ्याने. हे चार गुरू फीही मागत नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. पूजा नाण्यांचीही होते, पण वहीला मान निराळा, कारण नाणे आज आहे उद्या नाही, घराण्याची पत वहीतल्या खरेपणावर टिकते, हे आपल्या वाडवडिलांना कळले होते. आता वह्या मेघात गेल्या. त्यांना हळदकुंकू कोठे वाहावे हा प्रश्नच आहे! पण धरणाच्या काठी ऐन दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नान बाजूला ठेवून, पातळी पाहून खरा आकडा लिहिणारा एखादा कर्मचारी असेल; एखाद्या खेड्यात पंचेचाळीस मुले जेवली असताना पन्नास न लिहिणारी एखादी बाई असेल. वहीपूजन त्यांनी केव्हाच केलेले असते.